वांग्याच्या सऱ्यांतले मासे

११ जुलै, अल्लीपूर
नदी चढली. आपल्या शेतातल्या खोलगटात मात्र नुसतं पावसाचं पाणी आणि बेडूक. बांधापलीकडे बबन वांग्यात वाकलेला दिसला. माझा सख्खा धाकटा भाऊ, हाकेच्या अंतरावर. आणि चार वर्षं झाली, यांच्या हातून राखी पाठवते.

१३ जुलै
आई होती तेव्हा नदी फुगली की पाणी नाल्यातून उलटं खोलगटात शिरायचं आणि बोटाच्या पेराएवढी माशांची पिल्लं घेऊन यायचं. मी नि बबन आईच्या जुन्या लुगड्याची दोन टोकं धरून पाण्यात उभे. बबनला हसू फुटायचं आणि तो ऐन वेळी टोक सोडायचा. दरवेळी. सगळे मासे पसार.
वाटणीत खोलगट माझ्याकडे आलं, नाल्याचं तोंड त्याच्याकडे. पुराने दोनदा वांगी सडली तेव्हा त्याने माती टाकून तोंड बुजवलं. मला विचारलं नाही. शब्दाला शब्द लागला. तेव्हापासून बांधावर दोघांचाही पाय नाही.
वांगी सडतात ते मलाही दिसतं. पण विचारायचं तरी.

१६ जुलै
मागच्या साली यांनी विकतचं मत्स्यबीज आणून सोडलं होतं. वाढलं, खाल्लं, चवही बरी. पण मला नदीने आणलेले हवेत. आज हे म्हणाले, "तुले मासे पायजे का भाऊ पायजे, एकदाचं सांगून टाक."
भाकरी थापत बसले. मग यांनाच बबनकडे धाडलं, नाल्याचं तोंड उघडतोस का म्हणून विचारायला.

१९ जुलै
बबनने माती उकरून सिमेंटचा पाइप टाकला. लगेच टाकला, हेही लिहून ठेवते. पाणी आलं, तेच गढूळ पाणी. सकाळभर काठाला बसले. एक पिल्लू नाही.
हे जाऊन बघून आले. साप-कचरा येऊ नये म्हणून पठ्ठ्याने पाइपाच्या तोंडाला मच्छरदाणी बांधलीय, घट्ट. हसावं की रडावं. निरोप दिला, "ताईले सांगजा, पाणी त आलं. अजून काय पायजे तिले?"
काय पाहिजे ते असं निरोपात सांगता येतं का?

२२ जुलै
बाजारात पालकाच्या जुड्या मांडल्या तर शेजारीच बबनची बायको. तिला म्हटलं, मच्छरदाणी आहे तोवर पिल्लं यायची नाहीत. म्हणाली, "काढली त पाणी जोरात येते ना ताई, वांग्यात भरते. लय जीव लावून राह्यले ते यंदा वांग्याले."
तिच्या दोन पिशव्या आमच्या गाडीत टाकल्या, घराशी उतरवून दिल्या. आत ये म्हणाली. गेले नाही.

२६ जुलै
पाऊस थांबायचं नाव नाही. नदी पुलाला लागली. हे छत्री असून भिजून आले. "बबननं मच्छरदाणी काढली. पाइपबी उपटून टाकला, नाल्याचं तोंड सारं मोकळं. वांग्यात मांडीएवढं पाणी हाय."
"काऊन काढली?"
"मले काय विचारतं. त्याले विचार."
जेवण गेलं नाही. एवढी वांगी.

२८ जुलै
पाणी उतरलं, ऊन पडलं. खोलगट काठोकाठ. गवताच्या कडेला पिल्लंच पिल्लं, नदीची. बघत बसले, डोळे भरून आले. आई हवी होती.
मग पलीकडे पाहिलं. वांगी आडवी झालीत. सऱ्यांमध्ये पाणी साचलंय आणि त्यातही पिल्लं चमकताहेत. असंच ऊन राहिलं तर संध्याकाळपर्यंत चिखल होईल, सगळी मरतील. लुगड्यात धरून इकडे सोडली तर जगतील. पण लुगड्याला दोन माणसं लागतात. हे म्हणाले, मी येतो. नको म्हटलं.
बबन एकटाच तिथे पडलेली झाडं उभी करून माती दाबतोय. मान वर करत नाही.
ट्रंकेतून आईचं लुगडं काढलं. विरलंय, पण चालेल. चपला बांधावरच काढीन. इतक्या वर्षांनी हाक मारायची तर काय म्हणून मारायची, ते मघापासून ठरत नाही. लहानपणी ओरडायचे तेच म्हणावं. टोक सोडू नको रे, बबन.