सोडियम दर वेळी आमचीच मुलगी का?

प्रति,
मा. शिक्षण निरीक्षक साहेब,
मुंबई उपनगरे.

विषय : रात्रशाळेत रसायनशास्त्राच्या आडून चाललेल्या संशयास्पद प्रकाराची चौकशी होणेबाबत.
संदर्भ : मुख्याध्यापकांकडे केलेली तोंडी तक्रार (मुख्याध्यापक हसले).

महोदय,

अर्जदार राजाराम सोनू घाडी, राहणार भटवाडी, घाटकोपर (पश्चिम). संपात गिरणी बंद पडल्यापासून घरीच असतो, त्यामुळे त्याचे सगळीकडे लक्ष असते. मुलगी सुलक्षणा, वय एकोणीस, दिवसा कंपनीत पॅकिंगला आणि संध्याकाळी रात्रशाळेत नववीला जाते. तेथील विज्ञानाच्या शिवदास सरांविषयी हा अर्ज आहे.

१. प्रयोगशाळा नाही हे निमित्त करून सर पटांगणात खडूने वर्तुळे काढतात, त्यात चिंचोके मांडतात आणि त्यांना इलेक्ट्रॉन म्हणतात. मुलीला सोडियम करतात. समोर क्लोरीन म्हणून गॅरेजमध्ये कामाला असलेला जयवंत. सोडियमच्या बाहेरच्या वर्तुळात एकच चिंचोका, क्लोरीनला आठाला एक कमी. मुलीने आपला उचलून त्याला द्यायचा, आणि मग दोघांनी चिकटून उभे राहायचे. याला म्हणे आयनिक बंध! अर्जदाराने कुंपणाबाहेरून हे स्वतः पाहिले. वर्गात एवढ्या मुली असताना सोडियम दर वेळी आमचीच का?

२. देणारा अधिक होतो, घेणारा उणा, म्हणून दोघे ओढले जातात, असे सर शिकवतात. खात्रीसाठी अर्जदाराने शेजारी माणिक यांना वाटीभर साखर दिली. अर्जदाराचे काही अधिक झाले नाही. माणिक ओढले जाणे दूरच, तेव्हापासून तोंड चुकवतात. मुलगी सांगते, इलेक्ट्रॉन मुळातच उणा, तो गेला की मागे राहणारा अधिक. हे उत्तर पढवलेले वाटते. पत्नी शेवंती म्हणते, "मिठाची गोष्ट ती, त्यात मेलं संशय घेण्यासारखं काय?" तीही सामील असावी, असा अर्जदाराचा कयास आहे.

३. गेल्या रविवारी कणकवलीहून मुलाकडची मंडळी आली. अर्जदाराने "मुलगी दिली" म्हटले, त्यांनी "घेतली" म्हटले. साखरपुडा आणि शाळा बंद, दोन्ही एका बैठकीत ठरले. मंडळी गेल्यावर मुलगी कपबश्या विसळता विसळता म्हणाली, "बाबा, सोडियमने दिला, क्लोरीनने घेतला. इलेक्ट्रॉनला कुणी विचारलं?"

हा प्रश्न सरांनी शिकवला, जयवंतने, की तिचा तिलाच सुचला, याची कसून चौकशी व्हावी. अभ्यासक्रमात असल्यास उत्तर कळवावे. अर्जदाराने पुस्तक उलटेपालटे करून पाहिले, सापडले नाही. मुलीच्या नजरेला नजर देताना अर्जदाराला लाज वाटते, हेही नमूद करतो.

आपले उत्तर येईपर्यंत साखरपुडा थांबवला आहे. मुलाकडच्यांना तसे कळवले. मुलगी शाळेत जात आहे.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,
राजाराम सोनू घाडी
घाटकोपर, दि. १२ नोव्हेंबर १९८४