मामा तलाव

चामोर्शी, गुरुवार

प्रिय पुनम,

चार दिवस तुझी जागा रिकामी आहे. शनिवारी बोर्डाचे फॉर्म भरायची शेवटची तारीख, आणि तुझा फॉर्म सरांच्या टेबलावर कोराच पडलाय. काल शाळा सुटल्यावर तुझ्या घरी आले होते. केवळरामकाका अंगणात जाळं विणत होते. मान वर न करता म्हणाले, "माह्या पोरीले चोर म्हणून राह्यले, त शाळेत कायले धाडू?" मी फाटकातूनच परतले. तू आत होतीस, मला माहीत आहे.

कालच सरांनी चिठ्ठ्या घेतल्या. अभ्यासाला एआय वापरावं का, नाव न घालता लिहा, म्हणाले, आणि सगळ्या फळ्यावर चिकटवल्या. विक्कीनं लिहिलं, एकच गणित दहादा विचारलं तरी ते चिडत नाही. त्याच्या अक्षराला नाव कशाला हवं. कुणी लिहिलं, ज्यांच्या घरी सांगणारं कोणी नाही त्यांनी कुणाला विचारायचं? करिष्माची एकच ओळ होती, वापरा, पण काय उतरवलं ते वाचा तरी. सर हसले. करिष्माला सगळं कळलंय. माझी चिठ्ठी कोरी होती.

तुझी निबंधाची वही मी एका दिवसासाठी नेली होती. 'आमच्या गावचा तलाव'. आजोबांचा मासेमारीचा डोंगा, चिखलात दडणारी मरळ, सगळं तुझं. मी ते दादाच्या फोनवर एआयला दिलं, छान शुद्ध करून मागितलं आणि न वाचता उतरवलं. जुन्या मालगुजार जमीनदारांचे ते माजी मालगुजारी तलाव, म्हणून मामा तलाव, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. माझ्या निबंधात तो 'माझ्या प्रेमळ मामांनी खोदलेला तलाव' झाला. माझा मामा आरमोरीत पंक्चर काढतो गं. सरांनी दोन्ही निबंध वाचले तेव्हा त्या ओळीवर वर्ग खो खो हसला. सर साताऱ्याचे, नवे, त्यांना मामा तलाव ठाऊक नाही. त्यांना वाटलं, चोरी पकडली गेली म्हणून पोरं तुला हसताहेत. निबंध सारखे, माझा शुद्ध, म्हणून चोर तू. तू एकदाच माझ्याकडे पाहिलंस. मी पेनाचं टोपण शोधत बसले. लाज वाटते मला.

उद्या पहिल्या तासाला हेच पत्र मी वर्गासमोर वाचणार आहे. सरांकडून पाच मिनिटं मागून घेतलीत, कशासाठी ते सांगितलेलं नाही. सगळ्यांच्या आधी तू वाचावंस म्हणून ही प्रत तुझ्या धाकट्या बहिणीच्या, मैनाच्या हाती देतेय. काकांना वाचून दाखव. यातल्या चुका मी कुणाकडून शुद्ध करून घेतल्या नाहीत. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण शनिवारी येऊन फॉर्म भर.

अजून म्हणू देत असशील तर,
तुझीच,
दामिनी