ईराचा पहिला दात

सुखदा,

'प्रिय' लिहवत नाही आणि 'सौ.' तर मुळीच नाही. हेरंब माझा होता, तुझा झाला. तेही गिळलं मी.

ईराचा दात पेरू खाताना पडला, असं तुला फोनवर सांगितलं ते खोटं. गेल्या आठवड्यात रविवारी दुपारी दोरा बांधून मीच तो ओढला.

सोमवारी तू तिला तिकडे दिल्लीत, द्वारकेतल्या डेंटिस्टकडे नेऊन तो काढून घेणार होतीस. त्यातल्या पेशी गोठवून ठेवायच्या, पुढेमागे आजारपणात तिला उपयोगी पडतील म्हणून. शनिवार-रविवार माझ्याकडे फरीदाबादला आली की ईरा सगळं सांगते. टॅबवर फॉर्मचा फोटोही तिनेच दाखवला. आईच्या रकान्यात तुझं नाव!

दात ताजा हवा, लगेच थंड डब्यात जायला हवा, हे त्याच फॉर्मवर वाचलं. वाचूनच तो तिला पार्किंगच्या पत्र्यावर फेकायला लावला. आमच्यात असंच करतात, म्हटलं.

तो तिचा पहिला दात, सुखदा. नुकता आला होता तेव्हा दूध पिताना ती मला कडकडून चावली होती. मला. तू कुठे होतीस गं तेव्हा?

या शनिवारी ती पोळी दाढेने तोडत होती. शेजारचाही हलतोय का, विचारलं. तोंडावर हात दाबून म्हणाली, "नहीं बताऊँगी. तुला पण नाही आणि सुखदामावशीला पण नाही."

विनया