नलूच्या घरी गेलेला माझा फोटो

मी थट्टा केली नाई, मामाजी! तुमी तिसऱ्यांदा तेच लिहून राह्यले. "पोरीवाल्यायले फोटो पाह्यजे, लवकर धाड," हे तुमच्याच हातचं अक्षर. कोनता फोटो, हे कुठं लिहिलं होतं? (बरं, आधी नमस्कार. तुमची कंबर कशी आहे? तानाबाईमामीले दंडवत. सेलूले सारे खुशाल ना?)

झालं असं, इथं सुरतेले मिलवाल्यायनं साऱ्या कामगारायच्या छातीचे फोटो काढले. पाटीले छाती लावून उभं केलं अन् म्हणे, श्वास रोखा, हलू नका. वर्ध्याचा स्टुडिओवालाही हेच म्हणते. मंग मी काय समजाव? फोटो हातात आला तर थाळीएवढा! उन्हात धरला, तर आतल्या बरगड्या. मी म्हटलं, साध्या फोटोत नुसती कातडी दिसते, हा तर आतपर्यंतचा आहे. पोरीवाल्यायपासून काही लपवाव नाई. दिला धाडून.

आता तुमी लिहिता, पिपरी मेघेले नलूच्या मावशीनं, रुख्माबाईनं, तो दिव्यासमोर धरला अन् किंचाळली, "अवं माय, पोरगा कधी वारला?" अन् नलूचा बाप सोयरीक मोडतो म्हणते. मले हे लय लागलं, मामाजी. फोटो काढणाऱ्या प्रभाकररावाले गाठलं, "का भाऊ, माझं तोंड कुठं गेलं?" तर तो म्हणे, हा उजेडाचा फोटोच नोहे, एक्सरेचा आहे. उजेड कातडीवरून मांगं फिरते, एक्सरे मांसातून पार जाते अन् हाडापाशी अडते. पण उजेड, एक्सरे, चुलीची धग, रेडिओवरचं गाणं आणणारी लहर, सारी म्हणे एकाच घरची लेकरं. फक्त कोनाची लहर लांब, कोनाची आखूड. जितकी लहर आखूड, तितका जोर जास्त. (इथं मले मामीची याद आली. तिले हे वाचून दाखवू नका.)

माझं तं डोकंच गरगरलं. एकाच घरचे, तर रेडिओ विटाच्या भिंतीतून ऐकू येते, अन् आमच्या टिनाच्या खोलीत काऊन खरखरते? उजेड काचेतून जाते, चादरीतून काऊन नाई? प्रभाकरराव म्हणे, "अरे बावा, समोर कोन आहे त्याच्यावर आहे ते. कोनी आत घेते, कोनी जाऊ देते, कोनी दारातूनच वापस लावते." म्हणजे सोयऱ्यायसारखंच की! मंग नलूच्या बापाचं नाव एक्सरेत घ्याव का रेडिओत, काही समजत नाई.

तरी त्याले सांगजा, पोरगा जिवंत आहे, डॉक्टरनं फुप्फुस साफ म्हटलं, अन् तोंडही आहे. नलूले सांगजा, मी रूप पाहणारा माणूस नोहे. माणसाचं आतलं पाहाव.

तुमचा भाचा,
नत्थू

ता. क. माझ्या तोंडाचा फोटो सोबत आहे. मिशी दोस्तानं काजळानं जाड केली.

ता. क. दुसरं. जमलं तर नलूचाही एक फोटो धाडजा. पण साधा, उजेडाचा. हसरा अन् रंगीत. त्याच्यासाठी मनीऑर्डर करतो, पंचवीस रुपये.