सगळ्या फायलींचा दसरा

२२ ऑक्टोबर २००४, दसरा
सर्व्हरला झेंडूची माळ घातली, कुंकू लावलं आणि मुहूर्तावर कंपनीचा सात वर्षांचा कोड सोर्स कंट्रोलमध्ये चढवला. कुठली फाइल कधी बदलली, आता एका क्लिकवर! रंगनाथसाहेब खूश. दिवाळीत मला नोकरीत कायम करणार. बायकोला, सुवर्णाला, सांगून टाकलं. म्हणजे नाशिक रोडच्या अख्ख्या कॉलनीला कळलं.

२५ ऑक्टोबर
किरकोळ भानगड. सगळ्या फायलींवर दसऱ्याचीच तारीख पडलीय. सत्त्याण्णवच्यासुद्धा. नेमके आजच घोटीचे राइस मिलवाले रावजीशेठ आले. आमच्या कंपनीनं दिलेला वजनाचा प्रोग्रॅम त्यांना न विचारता कधी बदलला, दाखवा म्हणाले. साहेबांनी दाखवलं. दसरा. शेठ म्हणाले, आपट्याची पानं लुटायची सोडून गिऱ्हाईक लुटता व्हय?
साहेबांनी बजावलं, लक्ष्मीपूजनाच्या आत खऱ्या तारखा आण, नाहीतर कायम-बियम विसर. माझ्यासाठी दोन दिवसांचं काम.

१ नोव्हेंबर
जुन्या डिस्कवरून तारखा उचलणारी स्क्रिप्ट लिहिली. एकहाती. पण अमेरिकन लोक महिना आधी लिहितात, त्यामुळे ३ एप्रिलची फाइल ४ मार्चला गेली. यात माझी चूक काय? उद्यापासून पहाटे उठून काम.

२ नोव्हेंबर, सकाळी नऊ
थंडी फार.

८ नोव्हेंबर
तारखा जवळजवळ बरोबर. फक्त साडेपाच तास मागे. शेजारच्या टेबलावरची भाग्यश्री म्हणते, अरे, तू ग्रिनिचची वेळ घेतोयस. शिवाय जुन्या डिस्कची आधी कॉपी काढ म्हणे. तिला सगळ्याचीच भीती वाटते. मी चिवड्याचा डबा उघडला.

११ नोव्हेंबर
उद्या लक्ष्मीपूजन. कालिकादेवीला नारळ बोललो. स्क्रिप्टमध्ये साडेपाच तास मिळवले आणि वेळ वाचावा म्हणून ती थेट जुन्या डिस्कवरच चालवली.

संध्याकाळ
दसरा गेला! आता प्रत्येक फाइल १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाचची. खरी तारीख गळाली, नुसते साडेपाच तास उरले. तारीख नसली की कॉम्प्युटर सत्तर सालापासून मोजतो म्हणे. जुन्या डिस्कवरही तेच. भाग्यश्री डोकं धरून बसली. मी म्हटलं, निदान सगळीकडे सारखं तरी आहे.

१२ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन
साहेबांनी विचारलं, सत्त्याण्णवला उघडलेल्या कंपनीचा कोड सत्तर साली पहाटे कोण लिहीत होतं? मी समजावू लागलो. म्हणाले, समर्थ, उद्यापासून कायमचा घरी बस.
कायम हा शब्द त्यांनी स्वतः उच्चारला. घरी येऊन सुवर्णाला तेवढाच सांगितला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पेढे घेऊन ती कॉलनीत वाटायला गेलीय. उरलेलं वाक्य ती आल्याबरोबर सांगणार. नक्की.
जिन्यात तिचं हसणं ऐकू येतंय. मला रडू येतंय. भाऊबीज होऊन जाऊ दे, मग सांगतो.