गुडघ्यावर बसलो तेव्हा

रोहतक, ऑगस्ट २०१७

ती. शुक्रीताईस,
सुनिलचा नमस्कार. मी बरा आहे, जेवण पोटभर मिळतं. फोनवर आई शेजारीच असते, म्हणून लिहितोय. तू एकटीच वाच.

बॉक्सिंग अवघड की हे एमएमए, असं तू विचारलं होतंस. बॉक्सिंगमध्ये समोरच्याचे नुसते हात सांभाळायचे. इथे लाथाही बसतात, खाली पाडून मान आवळतात. पण ते शिकता येतं गं. अंगात मुरलेलं जात नाही.

मागच्या लढतीत जबड्यावर ठोसा बसला आणि मी सवयीने एका गुडघ्यावर बसलो. बॉक्सिंगमध्ये असं बसलं की समोरचा कोपऱ्यात जातो, रेफरी आकडे मोजतो, तेवढ्यात दम घेता येतो. मी खाली मान घालून आकड्यांची वाट बघत राहिलो. तो अंगावर चढला आणि मारत सुटला.

डाव्या डोळ्याने अजून धुरकटच दिसतं, म्हणून अक्षर असं वाकडं आलंय. डॉक्टर सुधारेल असं म्हणत नाहीत.

तू परत ये म्हणतेस, पण येऊन काय करू? बॉक्सिंगचं हॉस्टेल मीच सोडलं, आता ते घेणार नाहीत. डहाणूला चिकूच्या वाडीत असल्या डोळ्याने मला झाडावर कोण चढू देईल?

भाताची लावणी उरकली का? तुझी कंबर दुखायची थांबली का?

आई विचारेल, पोरगा पडला तर काय होतं. तिला सांग, तो खाली बसला की समोरचा थांबतो.

तुझाच,
सुनिल