शेवटचा पत्ता निघत नाही

बडनेरा,
रविवार दुपार

प्रिय श्रावणी,

अक्षर ओळखलंस ना? विद्यापीठात असताना माझ्या नोट्स तू कधी हातात धरल्या नाहीस, कोंबडीचे पाय उमटलेत म्हणायचीस. कोंबडी तीच आहे, फक्त जरा म्हातारी झाली. तुला फोन लावून थकले, नंबर बंदच आहे. शेवटी तुझ्या माहेरी, रमाकाकूंना फोन करून इंदूबाईंचा पत्ता घेतला. तू नोकरी करतेस त्या शाळेतल्या या बाईंना मी ओळखत नाही, पण स्वतःच्या दोन खोल्यांत त्यांनी तुला ठेवून घेतलं म्हणजे बाई मनानं मोठी असणार. त्यांना माझा सलाम सांग.

इकडचं म्हणशील तर तनवीरची रेल्वेनं भुसावळला बदली केलीय, भाऊ गेल्यापासून घरात अम्मी आणि मी दोघीच. अम्मीचे गुडघे दुखतात, जीभ मात्र ठणठणीत आहे. माझ्या लग्नाचा विषय तिनं सध्या बाजूला ठेवलाय, कारण सांगून येणाऱ्या स्थळांपेक्षा मी जास्त कमावते आणि ते त्यांना झेपत नाही. मी रोज अमरावतीला जाते. राजापेठेजवळ आमचं लहानसं ऑफिस आहे. शेंदूरजनाघाटच्या एका संत्रा व्यापाऱ्याचं ऑनलाइन दुकान आम्ही सांभाळतो. दुकान तुला माहीत आहेच, तू तिथली जुनी ग्राहक. आंबिया बहाराची संत्री निघाली की दरवर्षी तुझ्या दोन पेट्या अकोल्याला जायच्या, एक सासरी, एक माहेरी. त्यामागे मी बसलेली असते हे मात्र तुला मी कधी सांगितलं नाही. ऑर्डरवर तुझं नाव दिसलं की मी बागेत फोन करायची, या दोन पेट्यांत फळ निवडून घाला म्हणून. तुला वाटत असेल शेंदूरजनाची संत्री जात्याच तशी असतात. नसतात बाई.

आता माझं काम काय ते थोडं सांगते. कंटाळू नकोस, पुढे लागणार आहे. दुकानाकडे ग्राहकांचे पत्ते साठवलेले असतात. कुणी जुना पत्ता काढून टाका म्हणून कळवलं की ते माझ्याकडे येतं. मी तो एपीआयमधून काढते. एपीआय म्हणजे बँकेतली खिडकी समज. आत जायला मिळत नाही, ठरलेल्या शब्दांत चिठ्ठी सरकवायची: अमुक ग्राहक, त्याचा अमुक पत्ता, काढून टाक. पत्ता निघाला की खिडकीतून कोरा कागद परत येतो. झालं, एवढंही त्यावर लिहिलेलं नसतं. माणसं घरं बदलतात, मुलांकडे पुण्याला जातात, मरतात, आणि मी त्यांचे पत्ते काढत बसते. कोरा कागद आला की पुढचं नाव घ्यायचं, मध्ये चहा प्यायचा.

दिवाळीनंतर तुझी विनंती आली. सासरचा पत्ता काढा. खाली तू लिहिलं होतंस की त्या घरी माझ्या नावानं पुन्हा काही पाठवू नये. ग्राहक सहसा एवढं लिहीत नाहीत, पण मला तेव्हा काही सुचलं नाही. वाटलं, शुभंकररावांनी नवं घर घेतलं असेल. वास्तुशांतीला बोलावलं नाहीस म्हणून मी रागावलेसुद्धा. चिठ्ठी सरकवली तर खिडकीनं ती परत केली. हा ग्राहकाचा मुख्य पत्ता आहे, आधी दुसरा मुख्य करा, मगच हा निघेल. नियमच आहे तसा. मुख्य पत्ताच नसेल तर पेटी जाणार कुठे? तुझा दुसरा पत्ता होताच, माहेरचा. दुकानाच्या नावानं मी तुला विचारलं, हा मुख्य करू का. तू लगेच हो लिहिलंस. मग सासरचा निघाला.

पुढच्याच आठवड्यात तुझी दुसरी विनंती आली. माहेरचाही काढा. तिथे माझा हात थांबला. सासर सोडणारी बाई माहेरी गेली असेल असं आपण धरून चालतो. दोन्ही घरं सोडणारी कुठे गेली? त्या दिवशी दुसरं काहीच काम झालं नाही.

रमाकाकू फोनवर आधी सगळं ठीक आहे म्हणाल्या आणि मग रडायला लागल्या. शुभंकर हात उचलायचा, एकदा नाही, अनेकदा, हे त्यांनीच सांगितलं. तू बॅग घेऊन आलीस, थोडे दिवस राहिलीस, आणि मग काकांनी शुभंकरलाच फोन केला, येऊन घेऊन जा म्हणून. तो पोचायच्या आत तू निघालीस. फोन ठेवताना काकू म्हणाल्या, “नगमा, तिले काही विचारू नको बाई. जेवली का, तेवढं विचार.” म्हणून तेवढंच विचारते. जेवतेस ना?

कमलाकांतकाकांचा मला राग आला आहे आणि मी तो झाकणार नाही. लोकांच्या लेकींना पोटगी मिळवून देण्यात त्यांची वकिली गेली. नवरे लोकांना कोर्टात कसे घाम फोडायचे ते तूच कौतुकानं सांगायचीस. स्वतःच्या लेकीच्या वेळी मात्र त्यांना तडजोड आठवली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आणि तरी हे लिहिताना तुझ्या लग्नातले काका आठवतात, मांडवाच्या मागे उभं राहून कुणी बघत नाही ना असं पाहत डोळे पुसणारे. ते आठवलं की राग कमी व्हायला हवा ना? माझा वाढतो.

तुला इकडे बोलावू या, असं मी अम्मीला सांगितलं. तुझ्यापासून लपवत नाही, आधी ती घाबरली. उद्या वकीलसाहेब दारात उभे राहिले तर मी काय बोलू, म्हणाली. बामणाची लेक मुसलमानाच्या घरी, गावाला चघळायला विषय होईल, म्हणाली. तिचं खोटं नाही. लोक बोलतील, तुझ्याकडचे आणि आमच्याकडचेही. मी वाद घातला नाही. तू रविवारी होस्टेलवरून यायचीस तेव्हा तिनं तुझ्यासाठी वेगळं पितळेचं पातेलं घेतलं होतं आठवतं, ज्यात कधी गोश्त शिजलं नाही? दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला निघाले तर ते फळीवरून खाली काढलेलं. संध्याकाळी आले तर त्याला नवी कल्हई. गुडघे दुखतात म्हणून जी गल्लीच्या टोकाला जात नाही, ती कुलसुमबी पातेलं घेऊन रिक्षानं जुन्या वस्तीत जाऊन आली होती. माझ्याशी ती हिंदीत बोलते, तुला माहीत आहे. पण हे तिनं मराठीत सांगितलं, तुला जसंच्या तसं लिहायला: “पोरीले सांग, इथं कोणी विचारणार नाही, काहून आली म्हणून.”

आता पत्र का लिहिलं ते. तुझी दुसरी विनंती माझ्याकडे अजून तशीच पडून आहे. माहेरचा पत्ता मला काढता येत नाही, कारण तो तुझा शेवटचा आहे, आणि दुसरा दिल्याशिवाय शेवटचा पत्ता निघत नाही. नवीन पत्ता कळवा, असा मेल दुकानाकडून तुला गेला. त्याला तू उत्तर दिलं नाहीस. द्यायला तुझ्याजवळ पत्ताच नव्हता, हे मला उशिरा कळलं. नव्या पत्त्याच्या जागी मी आमचं बडनेऱ्याचं घर लिहून ठेवलंय, पण जतन केलेलं नाही. तुझ्या वतीनं आजवर फार जणांनी ठरवलं, त्यांत माझी भर नको. तनवीरची खोली रिकामी आहे. बडनेऱ्याहून अकोल्याला पास काढून रोज अप-डाऊन करणाऱ्या कितीतरी बाया आहेत, त्यामुळे शाळा सोडावी लागणार नाही. महिनाभर राहा, नाहीतर कायमची राहा. तू फक्त हो कळव, म्हणजे मी तो पत्ता जतन करते आणि अकोल्याचा काढते. एक सांगायचं राहिलं. तुझ्या दोन्ही जुन्या पत्त्यांत तुझ्या नावाखाली ‘द्वारा’ होतं, एकात शुभंकर, एकात काका. इथे मी अम्मीचं नाव घातलं नाही, माझंही नाही. ‘श्रावणी’ एवढंच लिहिलंय, आणि त्याखाली घर.

तुझीच, आणि तुझ्याच बाजूची,
नगमा